चौथ्या पाठातला प्रश्न

१० फेब्रुवारी १९८६, सोमवार. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी घरी पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळत बसले होते. सकाळीच रेकॉर्डरने टेप खाल्ली होती. हातभर टेप बाहेर आलेली, शेवयांसारखी वळलेली, आणि ती नेमकी चौथ्या पाठाची. दुपारी तीनला नागपूरहून भाषा-समितीचे सचिव येणार होते. बारा पाठ ऐकून, स्लाइडी पाहून ते संच मंजूर करणार होते. बाकीच्या अकरांपैकी कुठलाही पाठ बिघडला असता तरी मी दोन दिवसांत पुन्हा भरला असता. चौथा भरता आला नसता. त्यात एका बाईचं गप्प बसणं होतं, आणि ते सांगून करवून घेता येत नाही.

हे काम काय होतं ते आधी सांगते. सौसरमध्येसुद्धा फार लोकांना ते कळलं नाही. आमच्या शेजारणी शेवटपर्यंत म्हणायच्या, "बाई गोऱ्या लोकायची शिकवणी घेऊन राहिल्या."

मी सौसरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. गावाबाहेर एका संस्थेचा कुष्ठरोगाचा दवाखाना होता. तिथे परदेशातून डॉक्टर, नर्सा दोन-दोन, तीन-तीन वर्षांसाठी यायच्या. रुग्ण मोहगाव, पांढुर्णा आणि आसपासच्या खेड्यांतले, म्हणजे आपली मराठी बोलणारे. राज्य मध्य प्रदेश, म्हणून रुग्णाचं कार्ड हिंदीत. डॉक्टर इंग्रजीत. या तिघांच्या मधे मला उभं केलं होतं. आधी संध्याकाळचे नुसते वर्ग होते. मग नागपूरच्या समितीने ठरवलं की परदेशी माणसांना मराठी शिकवायचा एक संच करायचा: कॅसेटी, स्लाइडी, चित्रांची कार्डं आणि एक बारीक पुस्तक. जिथे जिथे असे दवाखाने आहेत तिथे तो जाणार. पाठ मी लिहायचे, आवाज मी जमवायचे, फोटो पांढुर्ण्याच्या स्टुडिओवाल्या गुलाबरावांनी काढायचे.

नमुना म्हणून समितीने एक कॅसेट पाठवली होती. स्टुडिओत भरलेली, काचेसारखी स्वच्छ. त्यात भाजीवाली म्हणते, "आपणास काय हवे आहे?" ती ऐकून तयार झालेली एक नर्स सौसरच्या बाजारात गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. भाजीवाली तिला म्हणाली होती, "घ्या नं मॅडम, काहून नुस्त्या पाहून राहिल्या? सकाळचीच हाये." यातला एकही शब्द त्या कॅसेटमध्ये नव्हता. मी ती कॅसेट कपाटावर ठेवली आणि रेकॉर्डर घेऊन स्वतः बाजारात जाऊन बसले.

गुलाबरावांना वळण लावायला मात्र सहा महिने लागले. पहिल्या रिळात त्यांनी पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या वखारीतल्या बायका काढून आणल्या. सगळ्या ओळीत उभ्या, पदर सारखे, हात मांडीला चिकटवलेले.

"गुलाबराव, ह्या संत्री भरून राहिल्या का लग्नात उभ्या हायेत?"

"बाई, फोटोत माणूस नीट दिसला पाहिजे."

"माणूस नको. काम दिसू द्या. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण कोणाला फळ फेकतंय, ते दिसू द्या."

"मंग कंगवा कायले आणला मी?" ते खरंच कंगवा घेऊन फिरायचे. शेवटी मी तो माझ्या पिशवीत टाकला आणि संच पुरा होईपर्यंत परत दिला नाही.

पण ही अक्कल माझी नव्हती, ती रत्नाची. रत्ना इंडोनेशियाची, जावा बेटावरची नर्स. पस्तिशीची, ठेंगणी, फार हसरी. आमच्याकडे लोक तिला नेपाळी समजायचे आणि नाव ऐकल्यावर मोहगावचीच समजायचे. जावातल्या दवाखान्यात येणाऱ्या परदेशी डॉक्टरांना तिने तीन वर्षं इंडोनेशियन भाषा शिकवली होती आणि त्या कामाची सगळी सामग्री बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून सोबत आणली होती. मी तो डबा उघडायला लावला.

पहिल्या कार्डावर नुसता फोटो. एक म्हातारा चटईवर बसलाय, त्याच्या समोरून एक तरुण बाई कमरेत वाकून, उजवा हात खाली सोडून जातेय.

"याला शब्द काय?" मी विचारलं.

"शब्द नाही, बाई. आधी पाहायचं," रत्ना म्हणाली. तिचे परदेशी डॉक्टर आठवडाभर नुसते फोटो पाहायचे. कोण कोणासमोर वाकतो, कुठल्या हाताने देतो, कोण आधी बसतो. मग कॅसेट. मग बोलणं. पुस्तक सगळ्यात शेवटी. मी वीस वर्षं उलट्या क्रमाने शिकवत होते.

आणखी एक कार्ड होतं. त्यांच्याकडे बाईला कोणीही विचारतं, लग्न झालं का? त्याचं उत्तर "नाही" द्यायचं नाही, "अजून नाही" असं द्यायचं. साठीची असली आणि करायचं नसलं तरी. ते एक कार्ड शिकलं की परदेशी नर्सेच्या कित्येक संध्याकाळी सुखाच्या जातात, असं रत्ना म्हणाली.

त्याच डब्यामुळे आमच्या हॉलंडच्या डॉक्टरांचं दुखणं बरं झालं. हे डॉक्टर रस्त्याने निघाले की पानठेलेवाला विचारायचा, "कुठं चालले डाक्टरसाहेब?" ते थांबायचे आणि म्हणायचे, "मी पोस्टात चाललो आहे. मला तीन पत्रे टाकायची आहेत. नंतर मी केळी घेणार आहे." पुढे शिंपी विचारायचा. त्यालाही पत्रं आणि केळी. पंधरा दिवसांनी लाल होऊन माझ्याकडे आले. "बाई, हे लोक रोज चौकशी का करतात? हे पोलिसांचे आहेत काय?"

रत्ना हसून भिंतीला टेकली. "आमच्याकडे पण! माऊ के माना? कुठे चाललात? उत्तर, जालान-जालान. उगीच, फिरायला." मग आम्ही दुसरा पाठ तोच केला. गुलाबरावांनी पानठेल्यावरून फोटो काढला आणि उत्तर म्हणून भरलं, "हे काय, इथंच." पुढच्या सोमवारी डॉक्टर पानठेल्यावर "इथंच" म्हणाले आणि न थांबता पुढे गेले. पानठेलेवाल्याने मला येऊन सांगितलं, "बाई, डाक्टर आता मानसात आला."

असे पाठ जमत गेले. पहिल्या पाठात मी तीन नमस्कार भरले, कारण दवाखान्याच्या दारात तीनही ऐकू येत: नमस्कार, रामराम आणि जय भीम. जय भीमचा आवाज नगरपालिकेतल्या मेश्रामांचा. रेकॉर्डर कडेवर घेऊन तेच माझ्यासोबत गावोगाव फिरले. मला त्या पाठांचा अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता. चौथा पाठ मी कोणालाही न विचारता घरी बसून लिहिला. नाव-गाव विचारण्याचा सोपा पाठ, त्यात विचारायचं काय?

दवाखान्याच्या कार्डावर पहिला रकाना रुग्णाचं नाव, दुसरा 'पति/पिता का नाम'. म्हणून मी लिहिलं: तुमचं नाव काय? तुमच्या मालकांचं नाव काय? उत्तराचा आवाजही माझाच. शाळेच्या हजेरीपटावर रोज सही करणारी बाई मी, नवऱ्याचं नाव धाडकन सांगून मोकळी झाले. पाठाच्या शेवटी सूचना होती: उत्तर मिळालं नाही तर प्रश्न सावकाश आणि स्पष्ट आवाजात पुन्हा विचारा. समितीने हा पाठ नुसती संहिता वाचून आधीच मंजूर केला होता.

ऑक्टोबरात रत्ना रुग्णांची कार्डं भरायला मोहगावला गेली. तिथे सुगंधा नावाची बावीस-तेवीस वर्षांची बाई, डाव्या हातावर चट्टा. रत्नाने नाव विचारलं, ते मिळालं. मग तिने मालकांचं नाव विचारलं. सुगंधा भिंतीकडे पाहू लागली. रत्नाने माझ्या सूचनेप्रमाणे सावकाश आणि स्पष्ट आवाजात पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सुगंधा उठून आत गेली. रत्नाने नियमाप्रमाणे लिहिलं, माहिती दिली नाही. दवाखान्याच्या कारकुनाने ते कार्ड नियमाप्रमाणे अपूर्ण कार्डांच्या गठ्ठ्यात बांधलं. अपूर्ण कार्डाच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या जात नसत. सगळे नियमाप्रमाणे वागले.

जानेवारीत सुगंधा स्वतःच दवाखान्यात आली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळली होती. बोंडातून कापूस निघत नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रत्नासोबत मोहगावला गेले. सुगंधाच्या ओट्याला लागून काशीबाईचा ओटा. म्हातारी तूर पाखडत होती. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"बाई, तुमी सौसरच्याच नं?"

"हो."

"इथल्याच हा, अन् बाईले तिच्या नवऱ्याचं नाव विचारता? थे घेईन का तोंडातून? या पोरीचं मी समजू शकतो, थे समुंदराच्या पल्याडची हाये. तिले शिकवलं कोनं?"

"मी शिकवलं."

"मंग आमाले विचारा लागत होतं. आमी कायले बसलो इथं? सून गप बसली का शेजारीन सांगते. माह्या सासूपासून असंच हाये."

माझी आईसुद्धा वडिलांचं नाव घेत नव्हती. रेशनकार्डाच्या वेळी ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी सांगायचे. हे मला ओट्यावर बसल्यावर आठवलं. पाठ लिहिताना आठवलं नाही. जन्म इथे झाला एवढ्यावर मी निर्धास्त राहिले होते. रत्ना परकी होती, म्हणून ती सारखी पाहत राहायची, विचारत राहायची. आम्हा दोघींत जी जास्त जाणती समजली जायची तिनेच चूक केली होती.

परतताना बसमध्ये रत्ना म्हणाली, "बाई, मले एकच नाव हाये. रत्ना. आमच्याकडे पुष्कळ लोकांना एकच. मी इथे आली, तुमचा कारकून म्हणे, दुसरं नाव सांगा. मी म्हटलं, नाई. त्यानं लिहिलं, रत्ना रत्ना." मग तिने मला विचारलं, "माझ्यासाठी त्यानं काहीतरी लिहिलं. सुगंधासाठी काहून नाई लिहिलं?"

मी दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेले. अपूर्ण गठ्ठ्यात एकवीस कार्डं होती. वीस बायकांची, एक म्हाताऱ्या माणसाचं. मी म्हटलं, ही परत गावात पाठवा, शेजारणींना विचारून भरा. व्यवस्थापक सज्जन होते आणि त्यामुळे काही करत नसत. म्हणाले, "बाई, कार्ड कसं भरायचं हे तुमच्याच पाठात लिहिलंय. पाठ समितीचा. समितीने दुसरा पाठ मंजूर केला की मी लगेच कार्डं सोडतो. तोंडी कसं सोडू?"

म्हणून मी चौथा पाठ पुन्हा केला. या वेळी मोहगावच्या ओट्यावर, सुगंधा आणि काशीबाईला विचारून, सगळं सांगून. त्यात नवऱ्याच्या नावाचा प्रश्नच नाही. रत्ना विचारते, घरी कोण कोण आहे? आणि थांबते. टेप चालू राहते. कोंबडी ओरडते, कुठेतरी बादली वाजते. मग शेजारच्या ओट्यावरून उत्तर येतं. थांबायला शिकवणारा तो एकच पाठ सबंध संचात होता. गुलाबरावांनी फोटोही चांगला काढला: सुगंधाची मान खाली, रत्नाची पेन्सिल हवेत, काशीबाईचं तोंड उघडं. कंगवा माझ्याकडे होता.

आता त्या सोमवारकडे येते. टेप गुंडाळून झाली. एका जागी कायमची सुरकुती राहिली, पण तुटली नाही. तीन वाजता दवाखान्याच्या दालनात सचिव, व्यवस्थापक, रत्ना आणि मी बसलो. सचिव मोठे विद्वान होते, सफारी सूट, सोबत स्वतःची उशी. खुर्च्या कडक असतात म्हणून.

पहिल्या पाठावर म्हणाले, "तीन तीन अभिवादनं कशाला? नमस्कार पुरे. ते जय भीम काढा, उगाच वाद होतात."

"रुग्ण जय भीम म्हणाला आणि नर्स नुसती पाहत राहिली तर जास्त वाद होईल," मी म्हटलं. "ते राहील."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसरा, तिसरा झाला. चौथा लावला.

"तुमचं नाव काय, ताई?" टेपवर रत्नाचा आवाज.

"सुगंधा."

"घरी कोण कोण हाये?"

मग काही नाही. सचिवांनी दोन क्षण वाट पाहिली, वाकले आणि रेकॉर्डरवर बोटाने टकटक केलं. "आवाज गेला."

"गेला नाही साहेब. ऐका."

"काही ऐकूच येत नाही!"

"तेच ऐकायचं आहे."

मग काशीबाईचा आवाज आला, सुरकुतीपाशी जरा डगमगला, पण आला. "लिहा बाई, नामदेव. नामदेव हिचा मालक. सासू हाये, सासरा वारला."

सचिवांनी टेप बंद केली. चष्मा काढला. "बाई, हे आपण जगाला दाखवायचं? आपली स्त्री नवऱ्याचं नाव घेत नाही? तुम्ही शिक्षिका. तुम्ही असा मागासलेपणा जपता?"

"मी जपत नाही. मी घेते नाव, तुमच्यासमोर घेईन. पण माझ्या हातावर चट्टा नाही आणि माझ्या गोळ्या त्यावर अडलेल्या नाहीत. तिने नाव घ्यावं की नाही ते ती आणि तिची मुलगी ठरवतील. तोवर तिची बोटं सरळ राहू द्या."

"संच हा भाषा शिकवण्यासाठी आहे."

"भाषा बोलायला माणूस पुढे बसलेला लागतो. माझ्या जुन्या चौथ्या पाठाने तो उठून आत गेला."

व्यवस्थापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. सचिव त्यांच्याकडे वळून म्हणाले, "जुना चौथा पाठ मंजूर झालेला आहे. तोच ठेवू. बाई, तो द्या."

"तो नाही."

"म्हणजे?"

"त्याच कॅसेटवर हा नवा भरला. कॅसेट महाग असते, वाया कशाला घालवायची?"

"चुकून?"

"मुद्दाम."

रत्ना खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे खांदे हलत होते. सचिव उठले. उशी काखेत घेतली. म्हणाले, "जुन्याची संहिता आमच्याकडे आहे. आम्ही नागपुरात कलाकारांकडून तो पुन्हा भरून घेऊ. तुमचा पाठ नामंजूर. आणि संचावर तुमचं नाव राहील असं समजू नका."

"नाव काढा," मी म्हटलं. "बाकीच्या अकरा पाठांतले आवाज कसे काढता ते बघते."

हा विजय नव्हता. तो संच पुढे निघाला आणि त्यात चौथा पाठ जुनाच आहे, गोड आवाजातला. कुठल्या दवाखान्यात कोणाला तो किती सावकाश आणि स्पष्ट विचारला जातो, मला माहीत नाही. ते मी लिहिलं होतं. ते माझ्याकडेच राहील. त्या संध्याकाळी मात्र मला एवढंच दिसत होतं की पाठ नामंजूर, म्हणजे गठ्ठा सुटत नाही. हॉलंडच्या डॉक्टरांना ओसरीवर गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या मराठीत म्हणाले, "तुम्ही भरलेली कार्डं आणा. गोळ्या मी देतो. मला कोणी विचारलं, कुठे चालले, तर मी म्हणेन, इथंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत किरकोळ रजेचा अर्ज पाठवला आणि दवाखाना उघडताच कारकुनाच्या टेबलावरून तो गठ्ठा उचलला. तो म्हणाला, "बाई, साहेबांची सही?" मी माझी केली, नवऱ्याच्या नावासकट. मंगळवार होता, जामसांवलीच्या बसला दर्शनाची गर्दी होती. मोहगावची बस रिकामी मिळाली. पहिलं कार्ड काशीबाईच्याच गल्लीतलं होतं. रत्नाने ओट्यावर बसून बाईचं नाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं आणि थांबली. मीही थांबले. बाई भिंतीकडे पाहत होती. कुडापलीकडून कोणीतरी खाकरलं आणि नाव सांगितलं. रत्नाने ते रकान्यात लिहिलं, मी गठ्ठ्यातलं दुसरं कार्ड वर काढलं आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.